खडा फुटला, पण भुगा कुठे गेला?

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात येतो आणि त्यात एक ओळ असते: ‘लेफ्ट किडनी, लोअर पोल, १४ एमएम कॅल्क्युलस’. म्हणजे डाव्या किडनीच्या तळाच्या कप्प्यात १४ मिलिमीटरचा खडा. पुढच्या दोन दिवसांत सल्ल्यांचा ढीग जमतो. कुणी कुळथाचं कढण प्यायला सांगतं, शेजारच्या काकू कुंडीतली पानफुटीची पानं आणून देतात, चुलतभाऊ बीअर सुचवतो (त्याला दुसरं काय सुचणार!). आणि एक जण हमखास म्हणतो, “लेसरने काढून टाक. चीर नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी.”

त्या शेवटच्या सल्ल्यात तथ्य आहे. मुतखड्यासाठी बरगडीखाली वीतभर चीर देऊन किडनी उघडायची पद्धत आता जवळपास मागे पडली आहे. पण ‘लेसर’ म्हटलं की खडा जणू वाफ होऊन उडून जातो, असं जे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते खरं नाही. लेसर खडा फोडतो, आणि फुटलेला खडा किडनीतच असतो. तो तिथून कसा बाहेर यायचा, किती यायचा आणि काय मागे राहायचं, इथे खरी गंमत आहे. खडा फोडायची युक्ती माणसाला दोनशे वर्षांपासून येते. आज सर्जन मंडळींची झटापट चालली आहे ती भुग्याशी, आणि तो काढताना किडनीत वाढणाऱ्या दाबाशी.

आधी, थांबायचं की नाही

किडनीत लघवी तयार होऊन छोट्या छोट्या कप्प्यांत जमते, तिथून मधल्या पोकळीत येते आणि मूत्रवाहिनी नावाच्या साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून लघवीच्या पिशवीत उतरते. ही नळी आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. खडा कप्प्यात पडून असेल तर वर्षानुवर्षं त्याचा पत्ता लागत नाही. तो निसटून नळीत अडकला की वरची लघवी तुंबते, किडनीवर ताण येतो आणि ती कुप्रसिद्ध कळ सुरू होते. कमरेतून जांघेपर्यंत जाणारी, माणसाला धड बसू देत नाही, धड झोपू देत नाही. ही कळ खडा टोचल्याची नसते, तुंबल्याची असते. म्हणून ४ मिलिमीटरचा खडा माणसाला जमिनीवर लोळायला लावतो, आणि किडनीभर पसरलेला खडा कधी कधी भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडतो.

नळीतला खडा ५ मिलिमीटरपर्यंतचा असेल तर शंभरातल्या सुमारे ६८ जणांना तो आपोआप पडतो. ५ ते १० मिलिमीटरमध्ये हेच प्रमाण ४७ वर येतं. कुळथाच्या कढणाची आणि पानफुटीची जी कीर्ती आहे, तिच्यात या आकड्यांचा वाटा मोठा आहे. जो खडा तसाही पडणार होता, तो कढण पिऊन पडला. कळ आलेली असताना चार-पाच लिटर पाणी ढोसल्याने खडा लवकर पडतो, असंही काही सिद्ध झालेलं नाही. नळीत अडथळा असताना वरून भर घातली तर ताण वाढण्याचीच शक्यता. पाण्याचं महत्त्व आहे, पण ते खडा पुन्हा होऊ नये म्हणून. त्याबद्दल पुढे.

कळ औषधाने आटोक्यात असेल, ताप नसेल, दुसरी किडनी धडधाकट असेल, तर डॉक्टर चार ते सहा आठवडे वाट बघू शकतात. खालच्या टोकाला अडकलेल्या ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्याला टॅमसुलोसिन नावाची गोळी देतात. ती नळीचे स्नायू सैल करते. तिचा उपयोग किती, यावर संशोधकांचं एकमत नाही. २०१५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नव्हता. तरी ती फारशी अपायकारक नसल्यामुळे आणि मोठ्या खड्यांत थोडा उपयोग होत असावा असं वाटत असल्यामुळे चिठ्ठीवर टिकून आहे.

एका ठिकाणी मात्र एक रात्रसुद्धा थांबायचं नाही. कळ आणि त्यासोबत थंडी वाजून ताप. याचा अर्थ तुंबलेल्या लघवीत जंतू वाढताहेत आणि ते रक्तात उतरू शकतात. माणूस काही तासांत गंभीर होऊ शकतो. अशा वेळी शहाणा सर्जन खड्याला हातही लावत नाही. आधी मूत्रवाहिनीतून स्टेंट (लघवीला वाट देणारी मऊ नळी) सरकवून किंवा पाठीतून सुईने बारीक नळी घालून तुंबलेली लघवी, कधी चक्क पू, बाहेर काढतो आणि जंतुनाशकं सुरू करतो. खड्याचं नंतर बघतात. “ॲडमिट केलं, पैसे घेतले आणि खडा तर काढलाच नाही” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना हे समजावणं हे डॉक्टरांचं अवघड काम असतं. पण त्या वेळी खडा न काढणं हाच जीव वाचवणारा निर्णय असतो. एकच किडनी असलेल्या माणसाला अडथळा आला किंवा लघवी पूर्ण बंद झाली, तर तीही तितकीच घाईची वेळ.

तीन पोलादी बोटं

सुश्रुतसंहितेत लघवीच्या पिशवीतला खडा कापून काढायची कृती तपशिलाने दिली आहे. सोबत इशाराही आहे: न केलं तर मरण नक्की, केलं तरी यशाची शाश्वती नाही, म्हणून वरिष्ठांची अनुज्ञा घेऊनच यात हात घालावा. आजचं संमतिपत्र वाचलेल्या कुणालाही ही भाषा ओळखीची वाटेल.

युरोपातही हीच गत होती. १८२४ साली पॅरिसमध्ये झां सिव्हियाल या सर्जनने वेगळी वाट धरली. लघवीच्या मार्गातून त्याने एक सरळ नळी पिशवीत घातली, तिच्या टोकातून तीन पोलादी बोटं उघडली, खडा त्यांत पकडला आणि मधल्या गिरमिटाने भोकं पाडून तो फोडला. आत काय चाललंय हे दिसत नव्हतं, सगळं हाताच्या अंदाजावर. आणि गुंगीचं औषध शस्त्रक्रियेत यायला अजून बावीसेक वर्षं होती! तुकडे रुग्णाने लघवीवाटे बाहेर टाकायचे, राहिलेले पुढच्या खेपेला फोडायचे. १८३५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दोन्ही पद्धतींचे आकडे आले. कापून खडा काढलेल्यांत जवळपास पाचातला एक दगावला होता, या नव्या पद्धतीत शंभरात दोन-तीन.

शरीर न कापता आत जाऊन काम करायची आधुनिक कल्पना इथून सुरू होते असं म्हणायला हरकत नाही. आणि तिची अडचणही इथेच दिसते. फोडणं जमलं, तुकडे मात्र निसर्गाच्या भरवशावर सोडले.

किडनीतला खडा तर त्याहून दूर. तिथे पोचायला पुढे दीडशे वर्षं लागली, आणि मग चार-पाच वर्षांच्या आत तीन वाटा एकदम उघडल्या: पाठीतून, शरीराबाहेरून आणि खालून लघवीच्या मार्गाने.

बाहेरून लाटा

यातली बाहेरून जाणारी वाट सगळ्यांत चकित करणारी. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या डॉर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीत एक वेगळाच अभ्यास चालू होता. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की पत्र्याला आत कुठेतरी इजा होते, ती कशी? थेंबाच्या धक्क्याने उठलेली लाट धातूतून प्रवास करते आणि दूर जाऊन नुकसान करते, हे त्यातून पुढे आलं. मग हीच लाट माणसाच्या खड्यावर सोडली तर? ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. रुग्णाला पाण्याच्या टबात बसवलं होतं, कारण या लाटा पाण्यातून आणि शरीरातून फारशा न अडखळता जातात. खड्याशी पोचल्यावर माध्यम एकदम बदलतं, ताकद तिथे खर्ची पडते आणि खड्याला तडे जातात.

आता टब गेला. रुग्ण टेबलावर झोपतो, पाठीला पाण्याची उशी टेकवतात, मध्ये जेल लावतात. एका बैठकीत दोन-तीन हजार ठोके. एक बारकावा इथे सांगण्यासारखा आहे. ठोके मिनिटाला १२० ऐवजी ६० च्या संथ गतीने दिले तर खडा जास्त चांगला फुटतो. जलद ठोक्यांत आधीच्या ठोक्याने झालेले बुडबुडे विरायच्या आत पुढची लाट येते आणि अडते. संथ गतीला वेळ दुप्पट लागतो. यंत्र भाड्याने आणलेलं असेल आणि बाहेर आणखी चार रुग्ण थांबलेले असतील, तर कुठली गती निवडली जाईल याचा अंदाज वाचकांनी करावा.

ही पद्धत प्रत्येक खड्याला चालत नाही. सीटी स्कॅनमध्ये खड्याची घनता हाउन्सफिल्ड नावाच्या एककात मोजतात. आकडा हजाराच्या पुढे गेला की खडा टणक, लाटांना दाद देत नाही. त्वचेपासून खड्यापर्यंतचं अंतर १० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे माणूस स्थूल असेल, तरी लाट पोचेपर्यंत क्षीण होते. गरोदर स्त्रीला, रक्त लवकर न गोठणाऱ्याला ही पद्धत वर्ज्य. आणि तळाच्या कप्प्यातला खडा फुटला तरी भुग्याने वर चढून बाहेर यायचं कसं? तो तिथेच बसून राहतो. मोठा खडा फोडला तर तुकड्यांची रांग नळीत अडकून वेगळंच दुखणं उभं राहतं.

इतकं असूनही, शरीरात काहीही न घालता खडा फोडणारी ही एकमेव रुळलेली पद्धत आहे. अलीकडे तिचा वापर घटत चाललाय, आणि मला हे काही ठीक वाटत नाही. सडपातळ माणूस, १ सेंटिमीटरच्या आतला मऊ खडा, तोही किडनीच्या वरच्या किंवा मधल्या भागात: अशा वेळी “बाहेरून लाटांनी फोडता येईल का?” हे विचारायलाच हवं. एका फटक्यात काम होण्याची खात्री नाही, दुसरी बैठक लागू शकते, हे मान्य करूनच.

पाठीतून, आणि भोक लहान करायची चढाओढ

स्वीडनमध्ये १९७६ साली फर्नस्ट्रॉम आणि योहानसन या दोघांनी पाठीतून किडनीपर्यंत वाट करून तिच्यातून खडा काढला. आज याला पीसीएनएल म्हणतात. सुई आधी एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत नेमक्या कप्प्यात घालायची, तिच्यातून तार, तारेवरून वाट रुंद करत जायची आणि मग नळी बसवून दुर्बिणीने आत बघत खडा फोडून काढायचा. २ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा किंवा सगळ्या कप्प्यांत हातपाय पसरलेला सांबरशिंगासारखा खडा असेल, तर आजही पहिला विचार याच पद्धतीचा होतो. कारण उघड आहे. खडा बाहेर येताना डोळ्यांना दिसतो.

वाटेची रुंदी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. जुनी वाट २४ ते ३० फ्रेंचची, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर, साधारण करंगळी जाईल एवढी. एकेका किडनीतून मिनिटाला जवळपास अर्धा लिटर रक्त वाहतं. तिच्यात एवढी वाट पाडली तर रक्तस्राव हा धोका आलाच. मग भोक लहान करायची चढाओढ लागली. १४ ते २० फ्रेंचची ‘मिनी’ पद्धत आली. अहमदाबादचे डॉ. जनक देसाई यांनी वाट ११ ते १३ फ्रेंचपर्यंत खाली आणली. नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधले डॉ. महेश देसाई आणि जर्मनीतले मार्कुस बाडर यांच्या गटाने २०११ साली तर सुईतच दुर्बीण बसवली: ४.८५ फ्रेंच, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास. सुई जाताना वाटेत काय लागतंय हे सर्जनला पडद्यावर दिसतं. गुजरातच्या दोन गावांची नावं जगभरच्या युरॉलॉजीच्या परिषदांत घेतली जातात ती अशा कामामुळे.

पण दीड मिलिमीटरच्या सुईतून खड्याचा तुकडा बाहेर काढणार कसा? निघत नाही. आत लेसरने भुगा करायचा आणि तो लघवीवाटे जाईल म्हणून सोडून द्यायचा, म्हणजे फिरून सिव्हियालच्या जागी. शिवाय इतक्या अरुंद वाटेतून आत सोडलेलं सलाइन परत यायला जागा नसते, त्यामुळे किडनीत दाब वाढतो. म्हणून ही सुई लहान खड्यांपुरती राहिली आणि रोजच्या कामात मधलं माप, ‘मिनी’, जास्त रुळलं. त्यात एक सोयही सापडली. दुर्बीण नळीतून हलकेच मागे ओढली की पाण्याच्या भोवऱ्यासोबत तुकडे आपसूक बाहेर ओढले जातात, चिमट्याने एकेक वेचावा लागत नाही.

रुग्णाला पालथं झोपवायचं की उताणं, हा आणखी एक बदल. उताणं ठेवलं तर भुलतज्ज्ञाला सोपं जातं, आणि एक सर्जन पाठीच्या बाजूने तर दुसरा खालून लघवीच्या मार्गाने असे दोघे एकाच वेळी काम करू शकतात. अवघड, फांद्या फुटलेल्या खड्यात एक जण तुकडे वर सरकवून देतो आणि दुसरा बाहेर काढतो.

खालून वर, वाकणारी दुर्बीण

ज्याला लोक सर्रास ‘लेसरचं ऑपरेशन’ म्हणतात ते बहुतेक वेळा आरआयआरएस असतं. कुठेही चीर किंवा भोक नाही. लघवीच्या मार्गातून पिशवीत, तिथून मूत्रवाहिनीत आणि तसंच वर किडनीत. दुर्बीण जाडीला ३ मिलिमीटरच्या आत-बाहेर आणि तिचं टोक २७० अंशांपर्यंत वळतं, म्हणजे गिरकी घेऊन तळाच्या कप्प्यात डोकावू शकतं. ही नाजूक दुर्बीण महाग, आणि वाकवून वाकवून लवकर खराब होणारी. २०१६ पासून एकदा वापरून टाकून द्यायच्या दुर्बिणी बाजारात आल्या. त्यामुळे निर्जंतुकीकरणाचा प्रश्न सुटला, बिलात मात्र एक नवी ओळ वाढली.

दुर्बिणीतून लेसरची काचतंतूची तार जाते, केसाच्या काही पट जाड. १९९० च्या दशकापासून होल्मियम लेसरचं राज्य आहे. त्याची ऊर्जा पाणी पटकन शोषून घेतं, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे ती फारशी जात नाही. याचाच फायदा: तार खड्याला टेकली तर खडा फुटतो, बाजूचं अस्तर वाचतं. पुढे या लेसरचा ठोका दोन भागांत मोडायची युक्ती निघाली. पहिला भाग पाण्यात वाफेचा बुडबुडा करतो, दुसरा त्या बुडबुड्यातून विनाअडथळा खड्यावर पोचतो. गेल्या पाच-सहा वर्षांत थुलियम फायबर लेसर आला. त्याची ऊर्जा पाणी सुमारे चौपट शोषतं, तार आणखी बारीक चालते, ठोके सेकंदाला शेकड्यांनी देता येतात आणि यंत्र साध्या प्लगवर चालतं. खडा तुकडे न होता घासला जावा तसा झिजतो. खडीसाखर आणि पिठीसाखर यांत जो फरक, तोच दोन प्रकारे खडा फोडण्यात.

ऑपरेशन थिएटरमधला पडदा बघितला तर हे नीट कळतं. आधी गुलाबी अस्तर, मध्ये तपकिरी-पिवळा खरबरीत खडा, त्यावर लेसरचा दिशादर्शक ठिपका. पायाने पेडल दाबलं की खड्यातून धुरळा उसळतो आणि काही सेकंदांत सगळा पडदा पांढरा. काहीच दिसत नाही. सर्जन पाय उचलतो, सलाइन सोडायला सांगतो, धुरळा खाली बसायची वाट बघतो. पुन्हा पेडल, पुन्हा पांढरं. दीड सेंटिमीटरच्या खड्यात हा खेळ तासभर चालू शकतो.

आणि इथेच धोके दडलेत. दिसावं म्हणून सलाइन जोरात सोडलं की किडनीतला दाब वाढतो. एरवी तो पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास असतो. ३० च्या पुढे गेला की आतलं पाणी, त्यातल्या जंतूंसकट, उलटं रक्तात शिरायला लागतं. हातपंपाने सलाइन मारताना तो काही क्षण १०० च्याही वर जाऊ शकतो. चीर नसलेल्या या ऑपरेशननंतर काही रुग्णांना रात्री थंडी भरून ताप येतो, त्याचं मोठं कारण हे. उलट सलाइन कमी सोडलं तर लेसरची उष्णता साठते आणि पाणी ऊतींना इजा होण्याइतकं तापू शकतं. जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून ऑपरेशनच्या आधी लघवीचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे तिच्यात जंतू आहेत का याची तपासणी, मागतात. तो यायला दोन-तीन दिवस लागतात म्हणून कुरकुर करू नका.

चोषण

या सगळ्या गुंत्यावर अलीकडे सापडलेलं उत्तर दिसायला अगदी साधं आहे. मूत्रवाहिनीत आधी एक आवरण-नळी बसवतात, तिच्यातून दुर्बीण ये-जा करते. ही नळी पूर्वी किडनीच्या तोंडाशी थांबायची. आता तिचं टोक लवचीक झालंय. दुर्बिणीच्या मागोमाग ते कप्प्यात शिरतं, आणि नळीच्या बाहेरच्या टोकाला चोषणयंत्र जोडलेलं असतं. लेसरने धुरळा उडाला की तो दुर्बिणीच्या कडेकडेने बाहेर ओढला जातो. पडदा स्वच्छ राहतो, दाब चढत नाही, पाणी खेळतं राहिल्याने उष्णता साठत नाही. एका नळीने तीन दुखणी हलकी केली. काही नव्या दुर्बिणींच्या टोकाला दाब मोजणारा संवेदकही आलाय, म्हणजे पूर्वी अंदाजाने चालायचं ते आता आकड्यात दिसतं.

माझ्या मते गेल्या दहा वर्षांत लेसरच्या नव्या नावांपेक्षा ही चोषणाची नळी जास्त मोलाची ठरली. जाहिरातीत मात्र लेसरचंच नाव मोठं असतं, कारण ‘चोषण’ हा काही फलकावर मिरवायचा शब्द नाही.

यातून रुग्णाच्या कामाचा एक प्रश्न निघतो. “खडा पूर्ण निघाला” म्हणजे नेमकं काय? कुणी ४ मिलिमीटरपर्यंतचे कण राहिले तरी ‘निघाला’ म्हणतं, कुणी २ मिलिमीटरपर्यंत, आणि कुणी सीटी स्कॅनमध्ये एकही कण दिसत नाही तेव्हाच. एक्स-रे आणि सोनोग्राफीत बारीक कण निसटतात, त्यामुळे त्यांवर मोजलेलं यश नेहमी जास्त भरतं. उरलेले कण पुढच्या खड्याचं बी होऊ शकतात. तेव्हा दोन दवाखान्यांचे यशाचे आकडे तोलताना हे विचारून घ्या.

हेही आधीच माहीत असलेलं बरं: काहींची मूत्रवाहिनी इतकी अरुंद असते की पहिल्या दिवशी दुर्बीण वर जातच नाही. जबरदस्ती केली तर नळी फाटते आणि पुढे आकसून कायमचा अडथळा होतो. समजूतदार सर्जन तिथे थांबतो, स्टेंट घालतो आणि दोनेक आठवड्यांनी नळी सैल झाल्यावर परत बोलावतो. याला “पहिलं ऑपरेशन फसलं” म्हणत नाहीत.

ती नळी विसरू नका

डीजे स्टेंट ही दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. एक टोक किडनीत, दुसरं पिशवीत. आतून सूज आली तरी लघवी वाहत राहावी म्हणून ती काही दिवस ठेवतात. खरं सांगायचं तर बऱ्याच रुग्णांना ऑपरेशनपेक्षा हिचा त्रास जास्त लक्षात राहतो. सारखी लघवीची भावना, लघवी करताना कमरेत चमक, चालल्यावर लालसर लघवी. हे अपेक्षित असतं आणि गोळ्यांनी हलकं होतं.

त्रास नसेल तर मात्र खरी भीती. दुखत नाही म्हणून लोक नळी काढायला परत येत नाहीत. कुणाची बदली होते, कुणी ऊसतोडीला किंवा बांधकामाच्या कामाला दूर जातं, कुणाला आत नळी आहे हे नीट सांगितलेलंच नसतं. खडे होणाऱ्या शरीरात नळीवरही थर बसतात. वर्षा-दोन वर्षांनी तीच नळी दगडाने मढवलेली निघते, ओढली तर तुटते, आणि पाच मिनिटांच्या कामाऐवजी दोन-तीन ऑपरेशनं लागतात. एरवी ती जागेवर बधिरता देऊन पाच-दहा मिनिटांत निघते. डिस्चार्ज कार्डावर नळी काढायची तारीख लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये आठवण लावा.

पुढे काय दिसतंय

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सौम्य, एकामागोमाग एक अशा ध्वनिलहरींच्या झुबक्यांनी खडा फोडायचं तंत्र तयार झालंय. ‘नासा’नेही या कामाला पैसा दिला, कारण अंतराळात हाडांतलं कॅल्शियम सुटतं, खडे होण्याचा धोका वाढतो आणि तिथे युरॉलॉजिस्ट नसतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ रुग्णांच्या २३ खड्यांवर जेमतेम १० मिनिटं या लहरी सोडल्या, त्यातले २१ फुटले. त्याच गटाने लहरींनी भुगा ढकलून कप्प्याबाहेर काढायचं तंत्रही आणलंय. फोडणं आणि बाहेर घालवणं, दोन्ही बाहेरून, आणि भूल न देता करता यावं हा त्यांचा प्रयत्न आहे. हे तालुक्याच्या दवाखान्यात यायला वेळ आहे. यंत्रमानवाच्या हाताने दुर्बीण चालवायचे प्रयोगही चालू आहेत. सर्जनला शिशाचा जड ॲप्रन घालून तासन्‌तास उभं राहावं लागत नाही, हा त्यातला आजचा मुख्य फायदा.

आता सुरुवातीच्या १४ मिलिमीटरच्या खड्याचं काय? तळाच्या कप्प्यात आहे, म्हणजे बाहेरच्या लाटांना फारसा अनुकूल नाही. उरतात आरआयआरएस आणि मिनी पीसीएनएल. पहिल्यात भोक नाही, पण कण उरण्याची शक्यता थोडी जास्त. दुसऱ्यात किडनीला छोटं भोक, पण एका बैठकीत साफ होण्याची खात्री अधिक. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि थांबवणं शक्य नसेल तर पारडं पहिल्याकडे झुकतं. दोन सर्जन दोन वेगळी मतं देतील आणि दोघंही बरोबर असू शकतील. ज्याचा हात ज्या पद्धतीत बसलाय, ती त्याच्याकडून करून घ्यावी हे माझं मत. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, भरती व्हायच्या आधी त्याला गाठा.

खडा निघाला तरी तो करणारं शरीर तेच राहतं. निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत पुन्हा खडा होतो. इटलीत पाच वर्षं चाललेल्या एका चाचणीत पहिला खडा होऊन गेलेल्यांचे दोन गट केले. ज्यांना दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, त्यांच्यात शंभरातल्या १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ जणांना. पाणी किती प्यायलात यापेक्षा लघवी किती झाली हे मोजायचं, कारण मे महिन्यात अकोल्यात किंवा जळगावात शेतात राबणाऱ्याचं निम्मं पाणी घामातच जातं. मीठ कमी करा, म्हणजे पापड-लोणच्यावरचा हात आवरा. पालक बेताने खा. टोमॅटोला मात्र उगाच बदनाम केलंय. दूध-दही बंद करणं तर उलटं पडतं: जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला (पालकासारख्या पदार्थांतून येणाऱ्या, खडा बनवणाऱ्या घटकाला) आतड्यातच धरून ठेवतं, ते कमी झालं की ऑक्झलेट लघवीत वाढतं.

आणि निघालेला तुकडा बाटलीत घालून घरी शोकेसमध्ये ठेवू नका, तपासायला पाठवा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे निघतात, पण साधारण दहातला एक यूरिक ॲसिडचा असतो. तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, सीटीत त्याची घनता कमी भरते, आणि पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा आम्लपणा उतरवला तर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत तो चक्क विरघळतो. त्या रुग्णाला पुढच्या वेळी दुर्बीणही लागत नाही आणि लेसरही.